तिसरा मजला, डिशवॉशर आणि मुक्ताचा पेपर

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी ऑफिसात डबा खाताना वाचते आणि बहुतेक वेळा हसते. खरं सांगतेय, रागावू नका. वाचताना डोक्यात एकच चालू असतं... यांनी बल्ब तपासला होता का, हिने झोपेची गोळी घेतली होती का, खिडकीची कडी सैल होती का. माझं कामच ते आहे. एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात एकवीस वर्षं झाली. बिघडलेला भाग हातात आला की तो का बिघडला ते शोधायचं, लिहायचं, सही करायची. "कारण समजले नाही" असं लिहायला आमच्या फॉर्मवर जागा नाही. इथे आहे, म्हणून लिहितेय.

आम्ही नागपूरचे. माझी बदली भोपाळला झाली तेव्हा घरात चार माणसं होती, इथे आलो तीन. मी, माझी मुलगी मुक्ता आणि माझ्या सासूबाई. नवरा सिंगरौलीला साइटवर असतो, महिन्यातून एकदा येतो.

घर अरेरा कॉलनीत, बिट्टन मार्केटपासून चालत आठ मिनिटांवर. चार मजली इमारत, प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. मधे लिफ्ट, लिफ्टला वळसा घालून जिना. दोन मजल्यांमध्ये वीस पायऱ्या: दहा, मग वळण, मग दहा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. वर चौथा, त्याच्यावर गच्ची. घरमालक सरकारी अधिकारी, स्वतः चार इमली भागात सरकारी बंगल्यात राहतात आणि हा फ्लॅट त्यांनी आम्हाला भाड्याने दिला. अकरा महिन्यांचा करार, मधे सोडायचं नाही. स्वयंपाकघर एकदम नवं: गॅस नाही, ओट्यातच बसवलेली इंडक्शनची शेगडी, आणि ओट्याखाली डिशवॉशर. किल्ली देताना ते म्हणाले, "मैडम, ये मशीन मेरी मिसेज़ बड़े शौक़ से लाई थीं। चलाते रहिएगा, बंद पड़ी रही तो ख़राब हो जाएगी।" आणि करारात तसं कलमही घातलं... डिशवॉशरची नियमित सफाई व देखभाल भाडेकरूने करावी.

मी याआधी डिशवॉशर वापरला नव्हता. पण मशीन म्हणजे मशीन. पुस्तिका वाचली आणि वेळापत्रक केलं. दर रविवारी खालची जाळी फिरवून काढायची, नळाखाली जुन्या टूथब्रशने घासायची. पाणी उडवणाऱ्या पंख्यांची भोकं टूथपिकने मोकळी करायची. दाराचं रबर पुसायचं, त्याच्या घडीत शितं अडकतात. महिन्यातून एकदा लिंबूसत्व घालून रिकामंच गरम चालवायचं. इथे बोअरचं पाणी जड, म्हणून मशीनच्या तळाला एक झाकण असतं, त्यात जाडं मीठ भरायचं.

सासूबाईंना ते मशीन कधीच पटलं नाही. पुस्तिकेत वाचून मी एकदा त्यांना समजावलं की हे नळासारखं वाहतं पाणी वापरत नाही. थोडंसं पाणी घेतं, तेच तेच वर फेकतं, गाळून परत फेकतं आणि शेवटी पंप ते बाहेर टाकतो.

"म्हणजे खरकट्या पाण्यात खरकटी भांडी धुतंय," त्या म्हणाल्या.

"गाळून, आई."

"गाळून खरकटं." विषय संपला. त्यांची वाटी, तांब्या आणि ताट त्या शेवटपर्यंत हातानेच घासत राहिल्या.

आता मुक्ता. एकोणीस वर्षांची. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पहिल्या वेळी थोडक्यात राहिली, म्हणून एक वर्ष ड्रॉप घेतला. ज्यांच्या घरात ड्रॉपचं वर्ष झालंय त्यांना सांगायला नको. फ्रिजवर तिचं वेळापत्रक मीच चिकटवलं होतं, मीच सकाळी साडेपाचला उठवत होते, मॉक टेस्टचे मार्क मीच वहीत उतरवत होते. लाडीगोडी मला जमत नाही. ती रडली तर मी पाण्याचा ग्लास देते आणि कुठला चॅप्टर राहिलाय ते विचारते. या वेळी नाही झालं तर तिसऱ्यांदा नाही, असं तिनेच सांगितलं होतं. म्हणाली, "आई, अजून एक वर्ष या खोलीत मी राहू शकणार नाही." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

परीक्षा मे महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी दोनला. सेंटर गोविंदपुऱ्यातली एक शाळा. गेट दीडला बंद, आणि ते बंद म्हणजे बंद. एक मिनिट उशिरा आलेली मुलं गेटच्या गजांना धरून रडतात, ते आपण दर वर्षी टीव्हीवर बघतो. म्हणून मी सव्वाअकराला निघायचं ठरवलं. कॅब बुक केली. ॲडमिट कार्ड, फोटो, पारदर्शक बाटली. मोबाइल न्यायचा नाही, बूट घालायचे नाहीत, म्हणून पायात साध्या स्लिपर.

पावणेअकराला डिशवॉशर बीप करून थांबला. पाणी बाहेर जात नाही, असा दिवा लागला होता. दार उघडलं तर तळाला चार बोटं गढूळ पाणी. म्हटलं संध्याकाळी बघू. बटण बंद करून प्लग काढला.

सासूबाईंनी मुक्ताच्या हातावर दही-साखर ठेवली. आम्ही निघालो.

लिफ्टमध्ये शून्य दाबलं. लिफ्ट खाली गेली... पोटात जाणवतं ना, तसं जाणवलं. दार उघडलं आणि समोर आमचंच दार. आमची पाटी, आमचं पायपुसणं.

मुक्ता म्हणाली, "आई, तीन दाबलंस."

"शून्य दाबलं."

पुन्हा दाबलं, या वेळी तिच्यासमोर. लिफ्ट खाली गेली. दार उघडलं. आमचं पायपुसणं.

मशीनचा दोष, मी म्हटलं. कंट्रोल पॅनल बिघडलं की होतं असं. आम्ही जिन्याने निघालो. दहा पायऱ्या, वळण, दहा पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावर एका मुलीची गुलाबी सायकल असते. ती नव्हती. तिथे आमचं दार होतं आणि दारात सासूबाई उभ्या होत्या, दह्याची वाटी अजून हातात.

"विसरलं का काही?" त्या म्हणाल्या. मग जिन्याकडे बघून, "अन् तुम्ही वरतून कशा आल्या? आत्ता तं खाली गेल्या."

मी वळून पाहिलं. खरंच, आम्ही चौथ्या मजल्याकडून येणाऱ्या पायऱ्यांवर उभ्या होतो.

त्या क्षणी भीती नाही वाटली, चीड आली. उन्हाने, जागरणाने माणूस मजले मोजताना चुकतो. पर्समध्ये मार्कर असतो माझ्या, पार्ट्सवर खूण करायला. आमच्या मजल्याच्या भिंतीवर एक बरोबरची खूण केली, तारीख घातली, सवयीने सहीपण केली. मग एकटी उतरले, मोठ्याने मोजत. वीस पायऱ्या. समोर माझी सही. शाई अजून ओली होती.

वर गेले. चौथा मजला, मग गच्ची, असं यायला हवं. वीस पायऱ्या चढले आणि खालून आमच्या मजल्यावर आले. मुक्ता रडायच्या बेतात. अकरा पस्तीस.

समोरचा फ्लॅट बंद होता, ते लोक सुट्टीत गावी गेले होते. बाल्कनीतून वॉचमनला हाका मारल्या. तो खाली फाटकाशी खुर्चीत बसला होता, कानात हेडफोन, मान वर करेना. नवऱ्याला फोन लावला. लागला.

"लिफ्ट बिघडली तर जिन्याने जा ना," तो म्हणाला.

"जिना खाली जात नाहीये."

"मेधा, जिना खाली नाही जाणार तर कुठे जाईल? तू आधी शांत हो, तिला टेन्शन देऊ नको."

मी फोन ठेवला. माझ्या जागी तो असता तर मीही हेच म्हटलं असतं.

तेवढ्यात कॅबवाल्याचा फोन. "मैडम, दस मिनट से नीचे खड़ा हूँ।" मी म्हटलं, "भैया, ज़रा ऊपर आ जाइए, तीसरे माले पर। सामान है।" सामान काही नव्हतं. मला फक्त बघायचं होतं, कुणी वर येऊ शकतं का. मी दार सताड उघडं ठेवून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. दोन मिनिटांनी फोनवर त्याचा धापा टाकणारा आवाज आला. "मैडम, आ गया, पर यहाँ तो ताला लगा है।"

"कहाँ आ गए?"

"तीसरे माले पर। आपके नाम की प्लेट है। ताला पड़ा है बाहर से।"

मी पाटीशेजारीच उभी होते. समोर रिकामा जिना. "दरवाज़ा खटखटाइए," मी म्हटलं. फोनमधून ठक ठक ऐकू आलं. माझ्या दारावर काहीच वाजलं नाही.

"टाइम ख़राब मत कीजिए मैडम," तो म्हणाला आणि ट्रिप कॅन्सल करून गेला.

तेव्हा मात्र मी जिन्याच्या तोंडापासून मागे सरले.

सासूबाई सोफ्यावर येऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "चकवा व्हय हा. आमच्या शिवारात लागे लोकायले. रात्रभर त्याच बांधाभोवती फिरत. चकवा लागला का चालायचं नाई, बसून राहायचं. उजाडलं का सुटते."

"आई, बारा वाजत आलेत. ऊन पडलंय. अजून किती उजाडायचं?"

त्या मुक्ताकडे बघत हळूच म्हणाल्या, "मीच केलं बाप्पा हे."

"काय केलंत?"

"काल पोरीची दृष्ट काढली. तू बजारात गेली व्हती."

आमच्याकडे मीठ, मोहऱ्या आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळतात आणि चुलीत, नाहीतर गॅसवर, जाळून टाकतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्या हे करतात, ते मला माहीत होतं, मागच्या वर्षीही केलं होतं. त्याला माझी हरकत नसते. पाच मिनिटांचं काम आहे, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटतं.

"मग?"

"मग जाळू कशावर? तुही शेगडी तं काचेची. जाळ नाई, काई नाई. खाली चौकात टाकाले जाव, तं माहे गुडघे..." त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "तू त्या मशीनच्या बुडाशी मीठ टाकत राहतं ना? मी पाह्यलं व्हतं. मिठाची जागा हाय, मीठच हाय म्हटलं, गरम पाण्यानं जाईल धुऊन."

"मिरच्यांसकट?"

"पाच मिरच्या."

मला हसू की रडू कळेना. चुकीच्या जागी टाकलं होतं, हे उघड होतं. मिठाचं झाकण त्यांना फिरवता येणारच नव्हतं, ते मलाच जोर लावून फिरवावं लागतं. त्यांनी शेजारची जाळी उचलून तिच्या खड्ड्यात सगळं ओतलं होतं. तो खड्डा सरळ पंपाकडे जातो. पाणी का अडलं, ते कळलं.

"जे पोरीवरून उतरवलं ते जळलं नाई, अन् घराबाहेर गेलं नाई," सासूबाई म्हणाल्या. "बंद डब्यात फिरून राह्यलं."

इथे एक नीट सांगते, कारण तुम्ही विचाराल. दृष्ट अडकली आहे म्हणून मी मशीन उघडलं नाही. त्या घरात त्या वेळी माझ्या हाताने दुरुस्त होण्यासारखी ती एकच गोष्ट होती. जिन्याला पाना लागत नाही. नुसतं बसून राहिले असते तर मला वेड लागलं असतं.

मुक्ताला म्हटलं, "तू उतरत राहा."

"आई, काय उपयोग..."

"उपयोगाचं मी बघते. तू उतर. परत आलीस तर परत उतर. दार उघडं आहे. पाचशे रुपये खिशात ठेव, खाली पोचलीस की माझी वाट बघायची नाही, बिट्टन मार्केटच्या स्टँडवरून ऑटो घ्यायची."

ती गेली. स्लिपरचा फटफट आवाज खाली खाली गेला, बारीक झाला. आणि मग वरून यायला लागला.

"परत आले गं," ती दारातून ओरडली.

"उतर!"

मी डिशवॉशरपुढे मांडी घातली. खालचा ट्रे बाहेर काढला. आणि एक गोष्ट दिसली, ती सांगावी की नाही असा विचार करत होते. तळातलं ते पाणी फिरत होतं. अगदी सावकाश, खड्ड्याभोवती गोल. प्लग भिंतीतून काढलेला, माझ्या गुडघ्याशी पडलेला. पाणी मघाशी ढवळलं गेलं असेल म्हणावं, तर तासभर मी त्याला हात लावला नव्हता. हात घातला. कोमट होतं.

वाटीने आणि स्पंजने पाणी उपसायला लागले. बादलीत एक, दोन, तीन वाट्या. जिन्यात फटफट खाली. फटफट वरून.

"परत!"

"उतर!"

जाळी काढली. जाळीखाली मोहऱ्यांचा थर, काळ्या मुंग्या बसाव्यात तसा. चमच्याने खरवडून काढला. दोन मिरच्या सापडल्या, मग अजून एक. सासूबाई दाराशी उभ्या राहून मोजत होत्या, "तीन झाल्या. चार." चौथी फुगून बोटभर जाड झाली होती.

"परत आले," मुक्ताचा आवाज. या वेळी रडका.

"रडू नको, दम लागेल. उतर."

साडेबारा. बारा चाळीस. खड्ड्याच्या आत, बाजूला, पंपाची छोटीशी पाती असते, तिच्यावर प्लास्टिकचं टोपण. पुस्तिकेत ते काढायला सांगितलं आहे, काच असू शकते म्हणून सांभाळून. मी सांभाळून वगैरे काही केलं नाही. टोपण निघालं. तर्जनी आत घातली. पाती हलेना. मुक्ताची पावलं ऐकू येत होती, मग थांबली. ना खाली, ना वर. ती दारात आहे असं वाटलं मला, म्हणून न बघताच ओरडले, "मुक्ता, काय उभी राहिलीस? उतर म्हटलं ना!"

एक क्षण काहीच नाही. मग बोटाला देठ लागला. ओढला. पाचवी मिरची पातीभोवती गुंडाळली होती, सोलवटून आली. पाती खटकन फिरली आणि खड्ड्यातलं उरलेलं पाणी घटाघट आत गेलं. प्लग काढलेला असताना.

स्लिपर जिन्यावरून खाली गेल्या. फटफट, फटफट. बारीक. अजून बारीक. मी तसाच ओला हात वर धरून ऐकत बसले. वरून काही आलं नाही.

मग खालून, रस्त्यावरून, "आई!"

मी बाल्कनीत धावले. ती फाटकाबाहेर उन्हात उभी होती, वर बघत, हातात ॲडमिट कार्ड.

"थांबू नको! पळ!"

पळाली. बारा त्रेपन्न. एक वाजून एकवीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. गेटवरच्या कुणा पालकाचा मोबाइल होता. "पोचले," एवढंच म्हणाली आणि ठेवला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिले. सासूबाईंनी पाणी आणून दिलं. त्यांच्याच तांब्यात.

नंतर त्यांच्या समाधानासाठी मी त्या मिरच्या-मोहऱ्या बाल्कनीतल्या एका जुन्या तव्यात टाकल्या, रद्दीचे कागद घातले, देवघरातल्या काडेपेटीने पेटवल्या. ओल्या होत्या, बराच वेळ धुमसल्या. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून मी खाली जाऊन आले. वीस पायऱ्या, गुलाबी सायकल, वीस पायऱ्या, पहिला मजला, वीस पायऱ्या, वॉचमन. भिंतीवरची माझी सही तिसऱ्या मजल्यावर होती, तिथेच असायला हवी तशी.

इथपर्यंतचं मी कसंतरी बसवलं असतं. ताण, उष्मा, तिघींना एकाच वेळी भास. कॅबवाला चुकून शेजारच्या इमारतीत गेला असेल, पाटीवरचं नाव त्याने ॲपवरून म्हटलं असेल. असं मी रात्रीपर्यंत जवळजवळ बसवून टाकलं होतं.

मुक्ता साडेसहाला आली. पेपर बरा गेला म्हणाली. भात जेवली. मग ताटात बोट फिरवत म्हणाली, "आई, तू किती वेळा ऐकलंस मला? परत आले म्हणताना?"

"तीन वेळा."

"मी सात वेळा आले."

"मी कामात होते. ऐकू आलं नसेल."

"अगं नाही. पहिल्या तीन वेळा तू आतून ओरडलीस. नंतर चार वेळा तू दारात उभी होतीस."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. त्या पूर्ण वेळ स्वयंपाकघराच्या दाराशी होत्या, मिरच्या मोजत. मी फरशीवरून उठलेच नव्हते.

"काय करत होते मी दारात?"

"काही नाही. उभी होतीस. निळा कुडता हाच. पहिल्यांदा नुसती हसलीस. मग म्हणालीस, दमलीस का." ती थांबली. "शेवटच्या वेळी म्हणालीस, राहू दे आता बाळा. खूप दमलीस. आत ये, जरा पड. पुढच्या वर्षी देऊ."

मी हातातला घास ताटात ठेवला.

"आणि मला इतकं बरं वाटलं गं," मुक्ता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "मी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकलाच होता. वर्षभर मला तेच ऐकायचं होतं तुझ्याकडून."

"मग का नाही आलीस आत?"

"तू मला कधी बाळा म्हणतेस?" ती म्हणाली. "जन्मात नाही म्हणालीस. मी विचार करत उभी राहिले, आणि तेवढ्यात आतून, तुझ्या मागून, तूच ओरडलीस. काय उभी राहिलीस, उतर. दारातली तू तोंड मिटून हसत होतीस. मग मी पळाले."

सासूबाईंनी ताटावरून हात जोडले. मी उठले, ताटं गोळा केली आणि त्या दिवशी सगळी भांडी हाताने घासली.

त्याच क्षणी मिरची निघाली होती, हे खरं. त्याच क्षणी मुक्ताने पाय मागे घेतला होता, हेही खरं. यातलं कशामुळे काय झालं, मला सांगता येत नाही. ती आत आली असती तर कुठल्या घरात आली असती, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. कॅबवाल्याने ज्या दाराला कुलूप पाहिलं त्या दाराच्या आत कोण होतं, हेही नाही. मालकांना मी एकदा सहज विचारलं, इथे आधी कुणाला काही त्रास झाला होता का. "नहीं मैडम, आपसे पहले तो कोई रहा ही नहीं," ते म्हणाले, आणि मशीन ठीक चल रही है ना, ते विचारलं. ठीक चालतंय, मी म्हटलं.

करार संपेपर्यंत आम्ही त्याच घरात राहिलो. दुसरं घर का हवंय, हे मला कुणाला सांगता आलं नाही. सासूबाई त्यानंतर कधी एकट्या घरात राहिल्या नाहीत, आणि मीही दार उघडं टाकून आत काम केलं नाही.

मुक्ताला जबलपूरला सीट मिळाली. हॉस्टेलला असते. पहिल्या महिन्यात एकदा तिचा फोन आला, ताप होता, मेसचं जेवण जात नव्हतं, खूप रडत होती. तो शब्द अगदी माझ्या ओठावर आला होता. आई म्हणून मलाही कधीतरी म्हणावासा वाटतोच की. पण पलीकडे ती एकदम गप्प झाली होती. श्वास रोखून, मी काय म्हणते ते ऐकत.

मी म्हटलं, "पॅरासिटामॉल घेतलीस का? किती वाजता?"

तिने श्वास सोडला, तो मला फोनवर ऐकू आला. "घेते," ती म्हणाली. "बोल, अजून काय?"